गाडीला हिच बसवून सायकली नेताना: निवडीपासून शेवटच्या बोल्टपर्यंत

अमेरिकेत गाडीवर सायकली न्यायचे मुख्य मार्ग तीन: छतावरचा रॅक, डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा रॅक, आणि गाडीच्या मागच्या बाजूला खाली बसवलेल्या हिचमध्ये खोचायचा रॅक. छतावर चढवायची तर सायकल डोक्यावर उचलावी लागते. वर सायकल आहे हे विसरून कोणी गॅरेजमध्ये शिरलं तर सायकल, रॅक आणि छत तिन्हींचं नुकसान होतं. पट्ट्यांचा रॅक स्वस्त असतो, पण तो रंगावर चरे पाडतो, स्पॉयलर असलेल्या दाराला नीट बसत नाही आणि ई-सायकलचं वजन बहुतेकदा त्याला झेपत नाही. घरातल्या दोन-चार सायकली दर वीकेंडला ट्रेलवर न्यायच्या असतील तर हिचइतकी सोय दुसऱ्या कशात नाही. बऱ्याच गाड्यांना तो घरच्या ड्राइव्हवेवर, साध्या हत्यारांनी दोन-तीन तासांत बसतो. मात्र गाडी उचलताना आणि बोल्टचे आटे बसवताना घाई अजिबात चालत नाही.

आधी वजनाचा हिशोब

हिच म्हणजे गाडीच्या चासीला बोल्टने जोडलेली पोलादी आडवी दांडी. तिच्या मधोमध चौकोनी नळी असते, तिला रिसीव्हर म्हणतात. रॅकचा दांडा या नळीत जातो आणि आडव्या पिनने अडकतो. सायकलींच्या कामाचे रिसीव्हर दोन मापांचे: सव्वा इंची आणि दोन इंची. सव्वा इंचीला पिन अर्ध्या इंचाची लागते, दोन इंचीला ५/८ इंचाची.

क्लास १ चा हिच सव्वा इंची असतो आणि २०० पौंडांपर्यंत उभा भार घेतो. या भाराला टंग वेट म्हणतात. क्लास २ सुद्धा सव्वा इंचीच, त्याची मर्यादा साधारण ३५० पौंड. क्लास ३ दोन इंची असतो आणि याहून अधिक भार घेतो. पण हिचवर छापलेला आकडा हा फक्त हिचचा असतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्याहून कमी आकडा असेल तर तोच धरायचा. हिच, रॅक आणि गाडी या तिघांपैकी जी मर्यादा सगळ्यात कमी, तीच खरी.

आता सायकलींचं गणित. दोन सायकलींचा प्लॅटफॉर्म रॅक, म्हणजे ज्यात चाकं खाचेत उभी राहतात तो, साधारण ५० पौंडांचा असतो. त्यावर ३० पौंडांच्या दोन साध्या सायकली ठेवल्या की एकूण ११० पौंड. त्यांच्या जागी ६५ पौंडांच्या दोन ई-सायकली आल्या की १८०, म्हणजे क्लास १ ची मर्यादा जवळजवळ गाठली. चार सायकलींचा रॅक एकटाच ९० पौंडांच्या आसपास जातो. त्यावर चार सायकली चढल्या की २०० कधीच मागे पडतात.

सायकलींचा भार ट्रेलरसारखा नसतो. ट्रेलरला स्वतःची चाकं असतात, त्यामुळे हिचवर त्याच्या वजनाचा थोडाच वाटा येतो आणि तोही गाडीच्या जवळ. सायकलींचं सगळं वजन मात्र रिसीव्हरच्या दोन-तीन फूट मागे हवेत लटकतं. १०० पौंड दोन फुटांवर असतील तर हिचला पिळणारं बल २०० फूट-पौंड होतं, आणि खड्ड्यात चाक आदळलं की त्या क्षणी ते कितीतरी वाढतं. म्हणून मर्यादेच्या काठावर जाऊ नका. रिसीव्हर लांब करणारा जोड म्हणजे एक्स्टेन्शन वापरलं तर क्षमता साधारण निम्म्यावर येते असं धरा. सव्वा इंचीचं दोन इंची करणाऱ्या अडॅप्टरनेही भार मागे सरकतो आणि क्षमता घटते.

गाडीला दोन इंची हिच मिळत असेल तर दोन इंचीच घ्या. आज दोनच सायकली असतील, पण रॅकची, विशेषतः ई-सायकली पेलणाऱ्या रॅकची, निवड दोन इंचीत फार मोठी आहे, शिवाय जाड दांडा कमी हलतो. छोट्या सेडान आणि हॅचबॅकना बहुधा सव्वा इंचीच मिळतो. त्यांनी दोन हलक्या सायकलींवर समाधान मानावं.

प्रियससारख्या काही गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ट्रेलर ओढू नये असं लिहिलेलं असतं, तरी त्यांच्यासाठी हिच बाजारात मिळतात. तिथे तो फक्त रॅकपुरता वापरायचा. वॉरंटीची भीती अनेकांना वाटते. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने कंपनी सगळी वॉरंटी नाकारू शकत नाही. बिघाड त्या भागामुळे झाला असेल तर गोष्ट वेगळी. गाडी लीजवर असेल तर करार आधी वाचा.

तुमची गाडी कोणत्या प्रकारात बसते

कर्ट, ड्रॉ-टाइट अशा कंपन्या मॉडेल आणि वर्षानुसार हिच बनवतात आणि प्रत्येकाचं इन्स्टॉलेशन शीट आधीच वाचायला मिळतं. खरेदीपूर्वी ते शीट वाचायचंच. एकाच नावाच्या गाडीत पिढी बदलली की चासी बदलते, हायब्रिडचा सायलेन्सर वेगळा असू शकतो. त्यामुळे "मित्राच्या गाडीला बसला" हे कारण पुरेसं नाही.

शीट वाचलं की काम तीनपैकी एका प्रकारचं निघतं. सगळ्यात सोपा प्रकार: चासीत कारखान्यातूनच नट वेल्ड करून दिलेले असतात आणि हिच वर धरून बोल्ट पिळायचे असतात. दुसऱ्यात नट नसतात, फक्त भोकं असतात, आणि पोकळ चासीच्या आतून तारेने बोल्ट ओढून आणावा लागतो. तिसऱ्यात मागचा बंपर पूर्ण उतरवून आतली दांडी बदलावी लागते. अनेक युरोपीय गाड्या आणि काही इलेक्ट्रिक गाड्या या प्रकारात मोडतात. क्लिपा, पार्किंग सेन्सरच्या वायरी, रंगवलेलं मोठं प्लॅस्टिक हे सगळं सांभाळायचं असतं. पूर्वी कधी बंपर उतरवला नसेल तर हे काम दुकानाकडे द्या. यू-हॉलसारख्या ठिकाणी आणि ट्रेलरच्या दुकानांत हिच बसवून मिळतो.

हत्यारं

मिलिमीटरचा गोटी पाना सेट, पान्याची दोन-तीन एक्स्टेन्शन, टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरापर्यंतच बोल्ट आवळू देणारा), दोन जॅक स्टँड किंवा रॅम्प, पुढच्या चाकांना लावायच्या उटी, सुरक्षा चष्मा, हातमोजे. बोल्ट बहुधा १७ ते १९ मिमीच्या गोटीने फिरतात, पण पाउण इंचीही जवळ ठेवा, कारण हिचसोबत येणारे काही बोल्ट इंची मापाचे असतात. याशिवाय गंज सोडवणारं तेल, बंदुकीच्या नळीत घालतात तसा बारीक गोल ब्रश, प्लॅस्टिकच्या क्लिपा उचकटायचं हत्यार, साबणाचं पाणी भरलेली स्प्रेची बाटली. शीटमध्ये भोक मोठं करायला सांगितलं असेल तर ड्रिल, गोल कानस आणि गंजरोधक रंगाचा डबा.

आणि एक माणूस. क्लास ३ चा हिच ३० ते ५० पौंडांचा असतो. गाडीखाली उताणं पडून तो एका हाताने वर धरायचा आणि दुसऱ्याने बोल्ट सुरू करायचा, हे एकट्याने होत नाही. मदतीला कोणीच नसेल तर एक टोक रॅचेट पट्ट्याने टांगून धरता येतं.

गाडीखाली जाण्याआधी

बोल्टच्या जागांवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. न्यू जर्सी, मिशिगन, इलिनॉय अशा, हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकणाऱ्या राज्यांत गाडी तीन-चार हिवाळे काढून आली असेल तर ही पायरी टाळूच नका.

गाडी सपाट, टणक जागी उभी करा. पार्क, हँडब्रेक, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी. सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या, त्याला तासभर तरी लागतो. गाडी उंच असेल तर न उचलताही हात पोचतो. उचलावी लागली तर मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच जॅक लावा, स्टँड ठेवा आणि गाडी स्टँडवर उतरवून हलवून पाहा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका, दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत नारिंगी केबल दिसली तर ती उच्च दाबाच्या विजेची असते. तिच्या आसपास ड्रिल किंवा टॉमी चालवायची नाही.

वाट मोकळी करणं

बऱ्याच गाड्यांत सायलेन्सर आडवा येतो. तो रबरी हँगरवर टांगलेला असतो. रबरावर साबणाचं पाणी मारा आणि टॉमीने किंवा हँगरच्या पकडीने दांडी रबरातून सरकवा. पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस इथे नको, रबर फुगतं. पहिला हँगर सोडायच्या आधीच सायलेन्सरखाली जॅक किंवा पट्टा लावा. एकदम खाली पडला तर पुढच्या पाइपाच्या जोडावर ताण येतो आणि तिथून गळती सुरू होते. चार-सहा इंच खाली आला की पुरतं.

मग पोटाखालचं प्लॅस्टिकचं आवरण, उष्णता अडवणारा पत्रा, गाडी जहाजावर बांधण्यासाठी दिलेले हूक, जे शीटमध्ये असेल ते काढा. काढलेला प्रत्येक स्क्रू कुठला ते लिहून ठेवा आणि खोलायच्या आधी फोनवर फोटो घ्या. वेल्ड नटांची भोकं पुष्कळदा रबरी बुचांनी किंवा टेपने झाकलेली असतात, तीही काढा.

आटे साफ करणं

वेल्ड नटवाल्या गाडीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. नट उघडा असतो, वर्षानुवर्षं त्यात चिखल, मीठ, गंज आणि कारखान्यातला रंग साठतो. त्यात तसाच बोल्ट दामटला तर आटे मरतात. त्याहून वाईट म्हणजे नटाचं वेल्ड तुटतं आणि नट चासीच्या आत बोल्टसोबत गरगर फिरू लागतो. मग बोल्ट पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. चासीला खिडकी कापून नट धरावा लागतो, आणि अर्ध्या तासाच्या कामाचा पूर्ण दिवस होतो.

म्हणून भोकात तेल मारा, गोल ब्रश आत-बाहेर फिरवा, पुन्हा तेल, पुन्हा ब्रश. बाहेर येणारं तेल काळं-तांबडं न राहता स्वच्छ दिसेपर्यंत. नंतर बोल्ट नुसत्या बोटांनी लावून पाहा. पाच-सहा आटे बोटांनी गेले पाहिजेत. अडला तर पाना लावू नका, मागे फिरवा, पुसा, पुन्हा घाला. तरीही अडत असेल तर टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, वापरा, पण बोल्टच्याच मापाचा. एम-१२ म्हणजे १२ मिमी व्यास, पण आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी असू शकतं किंवा १.७५. चुकीचा टॅप चांगले आटे कापून टाकतो. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा चालवायचा, म्हणजे कीस तुटून बाहेर पडतो.

साफ झाल्यावर जादा तेल पुसून काढा. टॉर्कचे आकडे सहसा कोरड्या आट्यांसाठी दिलेले असतात. तेलकट आट्यांवर तोच आकडा लावला तर बोल्ट ठरवल्यापेक्षा जास्त ताणला जातो.

तारेने बोल्ट ओढणं

दुसऱ्या प्रकारच्या गाडीत हिचसोबत लवचिक तारा येतात, त्यांच्या एका टोकाला स्प्रिंगसारखं वेटोळं असतं. वेटोळ्याचं टोक बोल्टच्या भोकातून चासीत घाला आणि जवळच्या मोठ्या भोकातून बाहेर काढा. आता त्या टोकावर आधी पोलादी ठोकळा ओवा, मग बोल्टची अणी वेटोळ्यात फिरवून अडकवा. ठोकळा आणि बोल्ट मोठ्या भोकातून आत ढकला आणि तार हळूहळू ओढा, बोल्ट आपल्या भोकातून बाहेर डोकावेल. ठोकळ्याचं भोक चौकोनी असतं आणि बोल्टची मानही चौकोनी, ती त्यात बसली की नट आवळताना बोल्ट फिरत नाही.

तार काढायची घाई करू नका. ती बोल्टवर राहू द्या, हिच वर नेताना त्याच्या भोकातून तार ओवा, म्हणजे बोल्ट आत ढकलला गेला तरी परत ओढता येतो. तिरकी किंवा हिसका देऊन ओढली तर वेटोळं सुटतं आणि बोल्ट चासीत पडतो. लांब दांडीचं चुंबक जवळ असेल तर तो सापडतो. ठोकळा आत जात नसेल तर मोठं भोक कानशीने तेवढंच वाढवा, पत्र्याची धार मोडा आणि उघड्या पोलादावर लगेच रंग लावा. बोल्टचं भोक मात्र शीटमध्ये सांगितलं नसेल तर वाढवायचं नाही.

हिच चढवणं आणि आवळणं

दोघांनी मिळून हिच वर धरा. प्रत्येक बाजूचा एक बोल्ट आधी बोटांनी लावा, मग उरलेले. सगळे बोल्ट सुरू होईपर्यंत एकही आवळू नका. एक आधी घट्ट केला तर दुसऱ्या बाजूची भोकं जुळत नाहीत, मग बोल्ट तिरका जातो आणि आटे मरतात. दातेरी वॉशर असेल तर दात हिचच्या बाजूला.

सगळे बोल्ट लागले की रिसीव्हर बंपरच्या बरोबर मध्यावर आहे का ते दोन्ही बाजूंनी मोजून पाहा. मग पान्याने सगळे सारखे बसवा आणि शेवटी टॉर्क पान्याने, एक डावा एक उजवा असं करत, शीटमधल्या आकड्यापर्यंत. एम-१२ बोल्टला हा आकडा पुष्कळदा ६५ ते ९० फूट-पौंडांच्या दरम्यान असतो. पण बोल्टच्या दर्जानुसार तो बदलतो, म्हणून शीटचाच घ्यायचा. वेल्ड नटांवर इम्पॅक्ट गन, म्हणजे झटक्यांनी आवळणारं यंत्र, वापरू नका. ती आट्यांची तक्रार हाताला कळू देत नाही.

सायलेन्सर परत टांगा. हिच आणि सायलेन्सरमध्ये साधारण इंचभर जागा हवी. टेकत असेल तर गाडी चालताना खडखड येते. पोटाखालचं आवरण हिचसाठी कापायला सांगितलं असेल तर आधी कागदाचा साचा करून पाहा, मग कमीत कमी कापा. पहिल्या शंभर मैलांनंतर सगळ्या बोल्टचा टॉर्क पुन्हा तपासा, नंतर दर हंगामाच्या सुरुवातीला.

फक्त सायकलींसाठी ट्रेलरच्या वायरिंगची गरज नाही. रॅकने मागचे दिवे झाकले जाणार असतील किंवा रॅकला स्वतःचे दिवे असतील तरच ते बसवा.

रॅक आणि सायकली

रॅकचा दांडा रिसीव्हरमध्ये घाला, भोकं जुळवून पिन घाला, क्लिप किंवा कुलूप लावा. दांडा आणि नळीत थोडी फट असतेच, त्यामुळे रॅक डुलतो. चांगल्या रॅकमध्ये ही फट संपवणारा स्क्रू असतो, नसेल तर वेगळा घट्ट करणारा क्लॅम्प मिळतो. नंतर रॅक दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा: रॅकसोबत गाडी डुलली पाहिजे, रॅक एकटा नाही.

सगळ्यात जड सायकल गाडीच्या जवळ, हलकी बाहेर. ई-सायकलची बॅटरी काढून गाडीत ठेवा, पाच-सात पौंड कमी होतात. कार्बनच्या फ्रेमवर दाबणारा क्लॅम्प नको, फक्त चाकं धरणारा रॅक घ्या. मागच्या चाकाचा पट्टा लावायला लोक विसरतात, आणि तोच सुटला की सायकल उसळते. एखादं चाक सायलेन्सरच्या तोंडासमोर येत असेल तर सायकल उलटी फिरवून ठेवा. गरम धुराने टायर वितळतो, रिमही खराब होते.

पहिल्या फेरीत चार-पाच मैलांवर थांबून सगळे पट्टे आणि पिन तपासा. रॅकमुळे रिव्हर्सचे सेन्सर ओरडतात आणि काही गाड्या मागे घेताना आपोआप ब्रेक मारतात. ते तात्पुरतं कसं बंद करायचं हे आधी मॅन्युअलमध्ये पाहा. पाय हलवून उघडणारं मागचं दार असेल तर तेही बंद करा, नाहीतर सायकली चढवत असताना दार उघडून सरळ रॅकवर आपटतं. ड्राइव्हवेचा चढ तीव्र असेल तर पहिल्यांदा अगदी हळू उतरा. लांब, खाली टांगलेला रॅक रस्त्याला घासतो.

नंबर प्लेट आणि मागचे दिवे दिसतात का ते गाडीच्या मागे वीस फूट उभं राहून पाहा. बहुतेक राज्यांत प्लेट स्पष्ट दिसणं बंधनकारक आहे आणि रॅकमुळे झाकली गेली तर दंड होऊ शकतो. टोलचे कॅमेरेही तीच प्लेट वाचतात. सायकली नसताना रॅक नुसता दुमडून ठेवण्यापेक्षा काढून ठेवलेला बरा: प्लेट मोकळी राहते, मागून येणारा त्यावर आपटत नाही आणि पेट्रोलही वाचतं. आरव्हीच्या (राहायची सोय असलेल्या मोठ्या गाडीच्या) किंवा ट्रेलरच्या मागे रॅक लावायचा असेल तर रॅकच्या कंपनीने तशी स्पष्ट परवानगी दिली आहे का ते पाहा. तिथे उसळी गाडीपेक्षा खूप जास्त असते आणि बरेच रॅक त्यासाठी बनवलेले नसतात.

हिवाळ्यात दांडा नळीत ठेवला तर मीठ आणि पाण्याने दोन्ही गंजून एकजीव होतात, आणि वसंतात तो हातोडीनेही निघत नाही. नोव्हेंबर आला की रॅक काढा, नळी पाण्याने धुवा, वाळल्यावर आतून ग्रीसचा पातळ हात फिरवा आणि तोंडावर रबरी टोपी बसवा. पिनच्या कुलपात ग्रीस न घालता ग्रॅफाइटची पूड टाका, ग्रीसमध्ये माती बसून कुलूप अडकतं.